एकशे दहा व्होल्ट

सुवार्ता हंचिनमनी, रिटायर्ड सिस्टर,
रिक्षातून एक ट्रंक उतरवते दुकानापुढं.
"शट्टुप्पा, यातलं काय चालतंय काय बघ की."

शहापुरात खडे बाजाराच्या बोळात
मी पंख्यांची वाइंडिंग करतो, मिक्सरचे कार्बन बदलतो.
अमेरिका मला ठाऊक ती मोटारीच्या पत्र्यावरची:
साठ सायकल, एकशे दहा व्होल्ट.
आपली पन्नास, दोनशे तीस.

कॅम्पातल्या बंगल्यातली कोल डॉक्टरीण
जाताना हे हिच्याकडं ठेवून गेली,
परत येऊन नेते म्हणून.
त्याला चाळीस वर्षं होत आली.

एक टोस्टर, कपाटासारखी दोन दारं असलेला.
अंडी फेटायचं दातेरी चक्र,
सुवार्ताबाई त्याला अजून गिरगिरं म्हणते.
आणि बिजागरीनं जोडलेले दोन जाड तवे,
आत चौकोनच चौकोन, फरशीच्या साच्यासारखे.
यात काय करायचे?
"आंबोळीच, पण खाचांची. पाक खाली ओघळू नये म्हणून."
आंबोळीलासुद्धा वाफे पाडणारी माणसं,
मी मनात म्हटलं.

बिस्किटांच्या डब्यात फोटो.
एकात फ्रिज. दार सताड उघडं, आत दुधाच्या बाटल्या,
शेजारी फुलाफुलांचा एप्रन घातलेली बाई,
नव्या नवरीसारखी अवघडून.
मला हसू आलं नाही.
ब्याण्णवला आम्ही घेतला तेव्हा
हार घालून, कुंकू लावून
हिलाही अशीच उभी केली होती दाराला हात लावून.
वर सहा महिने कुलूप.

एकात छपरापर्यंत बर्फात गेलेली मोटार.
ही जेवणाचा डबा घेऊन आलेली, वाकून बघत म्हणाली,
"बैलहोंगलचं जिनिंग काय हे?"

मागच्या बाजूला पेन्सिलीनं इंग्रजी.
शाळा मराठी, बिल कानडी, मोटारीचा पत्रा इंग्रजी.
इथला माणूस तीन लिप्यांत अर्धा अर्धा वाचतो.
एडना, एवढं लागलं. पुढचं पुसट.

तळाशी गोणपाटात काहीतरी जड.
उचलायच्या आधीच हातानं ओळखलं.
स्टेप-डाउन. भरमाण्णा उस्तादांच्या दुकानातला.
बाजूला ऑइलपेंटनं, वाकड्या अक्षरात:
इकडून २३०, तिकडून ११०.
अक्षर माझं.
सोळा वर्षांचा होतो. आठशेच्या पुढं
फेरे मोजताना चुकलो, कानाखाली बसली,
सगळी तार उसवून परत एकपासून.
कुणासाठी गुंडाळतोय, कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

वायर बदलली. लावला.
तोच जुना घुंऽऽ, थोडा घशात अडकलेला.
टोस्टरच्या तारा आधी काळ्याच राहिल्या,
मग कडेनं लाल होत आल्या.
आणि वास सुटला. धुळीचा, अभ्रकाचा,
आणि कुठल्यातरी सकाळी खाली पडलेल्या
पावाच्या कणांचा.

सुवार्ताबाई स्टुलावर बसली.
"साडेसहाचा वास," म्हणाली.
"बाई उभ्यानंच खायची. मग राउंड."
रस्त्यावरून भाजीचा टेम्पो गेला, कानडीत भाव ओरडत.
ती मराठीत म्हणाली, बंद कर,
पुन्हा म्हणाली, राहू दे थोडा वेळ.

मजुरी किती, विचारलं तिनं.
मी एक फोटो मागितला.
बाई, मोटार, फ्रिज असलेला नको.
एक टेबल आहे त्यात, जेवण झाल्यानंतरचं.
तीन ताटल्या, चुरगळलेला रुमाल,
एक खुर्ची मागं सरकलेली,
कुणीतरी पाणी आणायला आत गेल्यासारखी.
असला फोटो कोण काढतं?
आमच्या घरात तर आईचाही एकच,
रेशनकार्डाच्या मापाचा.
तिच्या रगड्याचा, तिच्या पाटाचा
कुणी काढला असता?

मागं एकच शब्द होता, नीट वाचता आला.
मंगळवार.

आमच्या बोळाची सुट्टी.
त्या दिवशी शटर अर्धं ओढून
मी आत एकटाच बसतो.